मुरूडची पापलेटं

“खरं सांगितलं तर कुणाला पटायचं न्हाई, दया, पन मुरूडचा माझा दोस्त जाळं टाकतच न्हाई. पापलेटंच त्याच्या दारात येऊन हाका मारत्यात!”

योसेफदादाचं हे ऐकून दयाबाईंचा जीव आणखीच टांगणीला लागला. दौंड स्टेशनात सकाळच्या गाडीतून माशांची करंडी उतरली नव्हती, आणि उद्या हन्नाचं लग्न लागलं की चर्चमधून पाहुणे थेट जेवायला येणार होते.

“दादा, साठ पानं हायेत. तुझ्या भरवशावर मी बोकड नको म्हनाले. व्याह्यांना नुसतं सरबत आन् केक देऊ व्हय?”

“दुपारच्या गाडीला येतंय. बर्फात घालून धाडलंय त्यानं.”

“आन् परवा पोरं त्याच्याच घरी उतरायची. जावयानं रजा काढलीय. घर हाय ना नक्की?”

“घर? अगं, ओसरीवरनं पाय सोडले का लाटा पाय धुत्यात. चार म्हैने राह्यलोय मी. रोज सकाळी च्या पीत समोर समुद्रातनं सूर्य उगवताना बघायचो.”

बाजूला बसून ऐकत असलेली हन्ना उठली.

“मामा, चौथीच्या पोरांना मी नकाशा शिकवते. मुरूडला सूर्य समुद्रात बुडतो, उगवत नाही. आई, चल, बोकड सांगून येऊ.”