मंगळाची जमीन

मंगळावर तलवारी घेऊन लढाच्या कादंबऱ्या लोक पुन्हा वाचून राह्यले म्हणता? मीबी एक लिवून राह्यलो, पण तिचं नाव काढलं की मले शरम वाटते. रिठद गावातल्या माह्या वावरात तुराटीची तलवार फिरवत नायकाचं वाक्य मोठ्यानं म्हणून पाहत होतो, "माझ्या जमिनीवर पाय ठेवलास तर मुंडकं उडवीन!" तर शेजारच्या वावरातले म्हातारे नामदेवकाका धुऱ्यावरून, म्हंजे दोन वावरांमधल्या बांधावरून, हात जोडतच आले.

"बापू, तुह्या बाजूचा हातभर धुरा म्याच कोरला. उद्या सरळ करून देतो, पण गावात सांगू नको."

त्यायले कोणत्या तोंडानं सांगू, मी मंगळाची जमीन मांगून राह्यलो होतो? तुराटी पाठीमागं लपवली. दुसऱ्या दिवशी धुरा सरळ झाला.

माह्या नायकाले मंगळ अजून जिंकाचा आहे. मी मात्र एका म्हाताऱ्याले हात जोडाले लावलं.