झुवेनाच्या बाह्या

मी पाचूबंदरची, वसईची, कोळ्यांची पोर. आमच्याकडे बाप्तिस्मा झाला काय आणि नाही झाला काय, मासळी तीच आणि ऊनही तेच, त्यामुळे सगळेच सावळे, पण मी त्या सगळ्यांतही काळी, म्हणजे माझ्या आईने मला बाजारात बरोबर नेलं की बाया विचारायच्या ही तुझीच का. मला त्याचं काही वाटायचं नाही असं सांगितलं तर खोटं होईल, पण त्यावर रडत बसायला वेळही नव्हता. माझा आजा सुती जाळी रंगवायचा, मोठ्या पिंपात ऐनाची साल उकळायची आणि त्यात जाळं बुडवायचं, म्हणजे खाऱ्या पाण्यात ते कुजत नाही. ढवळायचं काम माझं. किती वेळ ठेवलं की कुठला रंग येतो ते मी मनात मोजून ठेवायचे, आजा म्हणायचा हिच्या डोक्यात घड्याळ आहे.

तेरा वर्षांची असताना सिस्टरांच्या शिवणवर्गातलं एक मशीन अडकलं, कारागीर वसईच्या बाजारातून येईना, तर मी ते उघडलं. सगळे स्क्रू ओळीत मांडले, आतला दोऱ्याचा गुंता काढला, परत बसवलं आणि ते चाललं. सिस्टरांनी मला लगेच दुसरं मशीन आणून दिलं. गावात मात्र झालं काय, की काळी ती काळी आणि वर शहाणी, हिला कोण करणार. काय सांगू तुम्हाला, ही दोन्ही दूषणंच होती, आणि एकात दुसरं मिसळलं की दुप्पट व्हायची. गोरी असते तर शहाणपण खपलं असतं आणि मठ्ठ असते तर रंग खपला असता.

केलं शेवटी फ्रान्सिसने. मस्कतला हॉटेलच्या लाँड्रीत होता, सुट्टीवर आलेला. त्याची आई माझ्या आईला म्हणाली रंग जरा हा आहे, तर हा मधेच म्हणाला मशीन दुरुस्त करते ना. बस, तेवढ्यावर झालं. चोवीस वर्षं झाली मला इथे येऊन. एक मुलगा, व्हिन्सेंट, घुब्राच्या इंडियन स्कूलमध्ये शिकला, आता पुण्यात कॉम्प्युटरवर असतो. मस्कतच्या अझैबात हे लेडीज टेलरिंगचं दुकान, अर्बाबच्या, म्हणजे ओमानी मालकाच्या नावावर, पण कात्री माझी. अर्बाब महिन्यातून एकदा येतो, खजूर ठेवतो, कैफ हालिक, कशी आहेस, विचारतो आणि जातो. चांगला माणूस.

तर झुवेना. ती ओमानीच, पण तिची आजी झांझिबारहून आलेली, घरात अजून स्वाहिली बोलतात, आणि रंगाने माझ्याहून दोन पायऱ्या पुढे. जाड चष्मा, खांद्याला पुस्तकांची पिशवी, बारावीला. तिची आई माझी जुनी गिऱ्हाईक, अबाया शिवायला यायची आणि ही कोपऱ्यात बसून वाचायची. पंधराची झाली तेव्हा पहिल्यांदा स्वतःसाठी कपडे घेऊन आली. इथे वर्षातून एकदा मोठ्या हॉलमध्ये कार्टून आणि कॉमिकवाल्यांची जत्रा भरते, पोरंपोरी आपापल्या आवडीच्या पात्राचा वेष करून जातात, स्टेजवर चढतात. मला वाटलं फॅन्सी ड्रेस. तसं म्हटलं तर ती इतकी गंभीर झाली की मी पुन्हा तो शब्द काढला नाही.

पहिल्या वर्षी ती एका जपानी कार्टूनमधली चष्मेवाली विद्यार्थिनी होऊन गेली. तिथे कुणीतरी मुलगी तिला म्हणाली छान झालंय, पण ती काही तुझ्या रंगाची नाही. वाईट बोलली असंही नाही, हसत म्हणाली. पुढच्या वर्षी झुवेना रोबो झाली. डोक्यावर पूर्ण हेल्मेट, हातमोजे, नखसुद्धा दिसत नव्हतं. सूट मी शिवला, हेल्मेट तिने स्वतः केलं, आत दिवे बसवले. हेल्मेट का गं, म्हणून विचारलं तेव्हा तिने त्या मुलीचं बोलणं सांगितलं, आणि चष्मा पुसत बसली. मला माझा सिस्टरांचा वर्ग आठवला, पण माझ्या तोंडात पिना होत्या.

या वर्षी आली ती उड्या मारतच. म्हणाली आंटी, या वेळेला चेहरा उघडा. टॅब्लेटवर चित्र दाखवलं. काळी मुलगी, माझ्यासारखी, तिच्यासारखी, डोळ्यांवर चष्मा, केसांच्या बारीक वेण्या, बिनबाह्यांचं जॅकेट, कमरेला हत्यारांचा पट्टा आणि मनगटावर स्वतः बनवलेलं यंत्र. ही कोण, तर म्हणे ही गॅरेजमध्ये बसून यंत्रं बनवते आणि त्यांनी शहर वाचवते, हीच मुख्य. मी म्हटलं हिची मैत्रीण मुख्य असेल. नाही आंटी, हीच.

मग ती तासभर बोलत राहिली आणि मी काज करता करता ऐकत राहिले. म्हणाली पूर्वी पडद्यावर हुशार चष्मेवाला म्हटला की तो गोरा. काळा असला तर तो धावणारा, गाणारा, हसवणारा, नाहीतर पहिल्या अर्ध्या तासात मरणारा. आणि खरी काळी पोरं, ज्यांना तारे आवडतात, कॉम्प्युटर आवडतात, कॉमिकं आवडतात, त्यांना स्वतःच्या गल्लीत म्हणायचे गोऱ्यांसारखा काय वागतोस, आणि गोरे म्हणायचे तू इथे कसा. दोन्हीकडून बाहेर. मग त्या पोरापोरींनी अमेरिकेत आपलं आपण सुरू केलं, स्वतःच चित्रं काढली, गोष्टी लिहिल्या, फोनवर आपापसात गप्पांचे कार्यक्रम केले, आणि म्हणायला लागले हो, आम्ही काळे आणि आम्ही नर्ड, दोन्ही, एकदम. ते बघत बघत एवढं वाढलं की सिनेमावाले, खेळवाले सगळे मागून आले. तिने मला एकामागून एक दाखवले. काळा मुलगा प्रयोगशाळेत. काळी मुलगी अंतराळयानाचं गणित मांडतेय. काळी म्हातारी ग्रंथालयात, आणि सगळी गोष्ट तिच्या भोवती. माझा काजाचा दोरा संपला तरी मी सुई चालवतच होते.

नर्ड म्हणजे काय ते मला नीट कळलं नव्हतं म्हणून संध्याकाळी व्हिन्सेंटला फोन केला. त्याचं मराठी अडखळतं. म्हणाला मम्मी, नर्ड म्हणजे ते... म्हणजे तू. फक्त तू पुस्तकं नाही वाचत. मी म्हटलं जेवलास का, आणि फोन ठेवला.

झुवेनाच्या आईच्या अटी दोनच, केस झाकलेले आणि बाह्या फुल. त्यात काही अवघड नाही. वेण्या मी काळ्या होजिअरीच्या शिवल्या, आत दोरी घालून, एकूण एकोणचाळीस, आणि डोक्याच्या रुमालावर ओळीने टाचल्या. हातांसाठी ताणलं जाणारं नायलॉन, अंगाला चिकटणारं, म्हणजे लांबून हातच वाटावेत. अशा बाह्या मी इथे शेकड्यांनी शिवल्यात, बायकांना लग्नात बिनबाह्यांचा ड्रेस हवा असतो आणि हात झाकायचेही असतात. फळीवरून रोल काढला, स्किन कलरचा, कापला, शिवला, खलास.

गुरुवारी ट्रायल. जत्रा शनिवारी. ती आत गेली, घालून आली आणि आरशासमोर उभी राहिली. चेहरा तिचा, आणि हात कुणा मडमेचे. पिठात बुडवून काढल्यासारखे. काय सांगू तुम्हाला, मी इतकी वर्षं तो रोल मागवते, फळीवर चिठ्ठी माझ्या अक्षरात, स्किन कलर, आणि एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. तिने चष्मा काढला आणि हातात धरून उभी राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली,

“आंटी, मी हेल्मेट घालून जाईन. ते अजून घरी आहे.”

मी म्हटलं उतरव. उद्या सकाळी ये, सुट्टी आहे तुझी, काहीतरी काढू.

रुवीच्या बाजारात फोन केला, तिथला कापडवाला कच्छी, तो म्हणाला स्किन एकच येते बहेनजी, दुसरी कुठली. तयार रंगाची पुडी आणावी, तर त्यात एकच तपकिरी, खुर्चीला लावतात तसली. मग मी बसले आणि आजाचं पिंप आठवलं. इथे ऐन कुठून आणायचा, पण डाळिंबं आहेत, डोंगरावरची, त्यांच्या साली तशाच तुरट. आणि चहा. आणि आजा पिंपात गंजक्या खिळ्यांचं आंबट पाणी टाकायचा, रंग खोल जावा म्हणून.

शुक्रवारी झुवेना आली आणि दुकानाच्या मागच्या मोरीत आम्ही पातेलं चढवलं. मी म्हटलं खिळे व्हिनेगरमध्ये भिजवलेत, का ते मला माहीत नाही, आजा करायचा. तिने पिशवीतली वही उघडली आणि सांगितलं. सालीत आणि चहात जे तुरट असतं ते लोखंडाला धरतं, दोन्ही मिळून काळपट होतं. चाळीस वर्षं मी ते हातांनी जाणत होते आणि या पोरीने दोन ओळींत लिहून दाखवलं. मी तिच्याकडे बघत राहिले. ती माझ्याकडे बघत होती, म्हणाली तुम्हाला हे कसं माहीत. दोघींना एकमेकींचं नवल.

तिने कापडाच्या पट्ट्या कापायला लावल्या, प्रत्येकीवर नंबर. एक पाच मिनिटं, एक दहा, पंधरा, वीस, मग खिळ्यांचं पाणी थेंब मोजून. एकीत थेंब जास्त झाले तर ती राखेसारखी झाली, झुवेना म्हणाली हा मेलेल्या माणसाचा रंग, लिहून ठेवू. वाळवायच्या, आणि तिच्या दंडाला लावून उजेडात बघायच्या. दुपारपर्यंत जमलं, सतरा मिनिटं आणि चार थेंब. तयार बाह्या बुडवून उपयोग नव्हता, दोरा पॉलिएस्टरचा, तो रंग धरत नाही, शिवणीवर पांढऱ्या रेघा दिसल्या असत्या. म्हणून सगळं उसवलं, तुकडे बुडवले, तपकिरी दोऱ्याने परत शिवलं. संध्याकाळी तिने घातल्या तेव्हा मला शिवण कुठे संपते आणि मनगट कुठे सुरू होतं ते बोट लावून शोधावं लागलं. ती म्हणाली यल्ला आंटी, उद्या तुम्ही पण चला, वेण्या निसटल्या तर.

शनिवारी तिच्या आईच्या गाडीत बसले तर मागच्या सीटवर हेल्मेट. हॉलबाहेर गाडी लावली. झुवेना बसून राहिली. तिची आई पुढे बघत होती, मी हँडबॅगेत पिना मोजत होते. मग झुवेनाने हेल्मेट सीटखाली ढकललं आणि उतरली.

त्या हॉलचं काय सांगू. मी चर्चचे सण पाहिलेत, नॅशनल डेच्या मिरवणुका पाहिल्यात, पण असं नाही. ओमानी पोरी, सुदानची पोरं, केरळचे, आमच्याकडचे, रत्नागिरीचा एक मुलगा तर माझ्याशी मराठीतच बोलला. किती सावळे, किती काळे, आणि कितीतरी चष्मेवाले, कुणी चष्मा लपवत नव्हतं. कुणाच्या छातीवर स्वतः जोडलेले दिवे, कुणाच्या हातात स्वतः लिहिलेलं कॉमिक. एकमेकांना थांबवून विचारत होते हे कसं केलंस, कशाने चिकटवलंस, बॅटरी कुठे आहे. मला वाटायचं अशी मी एकटीच जन्मले. इथे हॉल भरला होता.

झुवेना स्टेजवर गेली. मनगटावरचं यंत्र खरं होतं, तिने हात वर केला तर हॉलचं तापमान आकड्यांत उजळलं. परीक्षक बाईंनी विचारलं बाह्या कुठून आणल्या, अशा मिळत नाहीत. तिने सगळं सांगितलं, डाळिंब, चहा, गंजके खिळे, सतरा मिनिटं. मग बोट माझ्याकडे केलं.

“माझी इंजिनिअर तिथे बसली आहे.”

लोक वळून बघायला लागले. मी तिची डावीकडची तिसरी वेणी बघत होते, ती सैल झाली होती.

बक्षीस एका पंखवाल्या पोराला गेलं, पंख खरंच चांगले होते. झुवेना खाली उतरली तेव्हा एक छोटी मुलगी, अशीच काळीभोर, चष्म्याला मागून दोरी बांधलेली, तिच्या बाहीला हात लावून उभी राहिली. फोटो काढायचा होता, पण बोलेना. झुवेना गुडघ्यावर बसली आणि तिला यंत्राचं बटण दाबू दिलं. मी त्या दोघींकडे किती वेळ बघत होते कोण जाणे, वेणी टाचायची राहिलीच.

आता ती कॉलेजला जाईल, इंजिनिअरिंगला, इन्शाल्ला. तिची वही इथेच ठेवून गेलीय, मशीनच्या खणात. फळीवरची चिठ्ठी मी काढली. आता गिऱ्हाईक आलं की आधी हात पुढे करा म्हणते, मग पातेलं. जास्त वेळ लागतो, पण लागू दे. सणाला घालायचा माझा ब्लाउजही परवा उसवला, त्याच्या गळ्याला तशीच पिठाच्या रंगाची जाळी होती, बारा वर्षं घालत होते. माझी बारा मिनिटं लागली, थेंब दोन. फ्रान्सिसने बघितलं, म्हणाला गळ्याला काहीच नाही का लावलं. म्हणजे बरोबर झालं.

देवाने डोक्यात घड्याळ दिलं, ते काही फुकट गेलं नाही. आणा, तुमचा हात इकडे उजेडात करा बघू. हं. आठ मिनिटं, थेंब एकही नको. देव बरं करो तुमचं, आणि जाताना दार ओढून घ्या, एसी बाहेर जातो.