तक्रार नाही

— नाही, नाही, थांब, लिहून घेऊ नकोस. पेन ठेव खाली. मला हे कितपत नीट आठवतंय याचीच खात्री नाही, आणि तू लिहून घेतलंस की ते पक्कं होऊन बसतं. चौदा वर्षं झाली. बस आठवते — कळवणची, सीबीएस स्टँडवरून सकाळी सातची, वणीमार्गे. खिडकीपाशी संघर्ष बसला होता, माझा ज्युनियर. तेही आठवतं. पण कोर्टात कोण काय बोललं असं विचारशील तर — म्हणजे तू तेच विचारायला आली आहेस, कळतंय मला. चहा घे, सायली. साखर नाहीये त्यात. माझ्या एकट्याच्या डायबिटीसनं सगळ्या घराचा चहा असा झालाय.

तुझा प्रश्न मला नीट समजलाय ना, तेवढं बघू दे. उद्या अकरा वाजता तुझा रिमांड. केस मोफत विधी सेवेकडून आलेली, माणूस गवंडीकाम करणारा. त्यानं तुला सदरा वर करून पाठ दाखवली. आणि व्हरांड्यात हवालदार तुला म्हणाला — मॅडम, मारहाणीचं काही काढू नका, आम्ही कोठडी वाढवून मागत नाही, संध्याकाळपर्यंत जामीन करून घ्या. असंच ना? बघ, शब्दसुद्धा बदललेले नाहीत. बरं, हा सौदा खोटा नसतो हं. पोलीस शब्द पाळतात. तू गप्प बसलीस की ते गप्प बसतात, आणि माणूस रात्री घरी जेवतो. तक्रार केलीस तर — केलीस तर सरकारी वकील उठून म्हणतो, तपास बाकी आहे, तीन दिवस द्या. आणि ते तीन दिवस तो त्याच खोलीत, त्याच माणसांबरोबर. म्हणजे दोन्हीकडून जबाबदार तूच. मी वर्गात पुरावा कायदा शिकवायचो तेव्हा हे शिकवलं नाही तुम्हाला. पुस्तकात नाहीये. मला वाटायचं, ज्याचं त्याला कळेल.

कोंडाजी नाव त्याचं. कळवणकडच्या एका पाड्यावरचा, दुसऱ्याच्या मळ्यावर राखण करायचा. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटरी चोरीला गेल्या, तीन, आणि राखणदार म्हणून पहिला तोच उचलला. कोर्ट कुठलं ते सोडून दे. छोटं होतं, पत्र्याचं, मागे दोन बाकं. आम्ही पोचलो साडेदहाला आणि पुकारा झाला एकच्या सुमाराला. तेवढा वेळ तो मागे उभा. शिपाई दोनदा म्हणाला, "अरे बस की बाबा, पाय दुखतील." तो मान हलवायचा आणि उभाच. मला — हे सांगायला लाज वाटते, पण आता लाजेचंही काही उरलेलं नाही — मला बरं वाटलं ते बघून. मी संघर्षला म्हटलं, बघ, कोर्टाचा मान कसा राखतात ही माणसं, नाहीतर आपली शहरातली मंडळी, मोबाईल बघत पसरलेली असतात. संघर्ष कोंडाजीच्या पायांकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "सर, तो मानानं उभा नाहीये. त्याला बसता येत नाहीये."

हो. पट्टा वापरला होता. कुठे, ते तुला कळलं असेल.

संघर्षचं हे असंच. मानवी हक्कांचा डिप्लोमा केला होता त्यानं, अटकेच्या नियमांचं एक छोटं पुस्तक शर्टाच्या खिशात. बार रूममध्ये पोरं त्याला 'आयोग' म्हणायची — आले बघा आयोग, आयोगाला चहा द्या. मीही म्हणायचो. चांगल्या अर्थानं म्हणायचो, असं मला वाटायचं. तर तो म्हणाला, "सर, मी उठून सांगतो, डॉक्टरांकडे परत पाठवायला लावू." आणि मी त्याच्या फायलीवर हात ठेवला. असा. जोरात नाही. म्हटलं, "पोलिसांशी बोलणं झालंय माझं, संध्याकाळी सुटतो तो. आज घरी जाऊ दे, तक्रार नंतर बघू." कोंडाजीला विचारलं का मी? नाही विचारलं. आठ फुटांवर उभा होता. गर्दी होती, असं म्हणता येईल. फार गर्दी नव्हती.

न्यायाधीश साहेबांनी विचारलं, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का. उत्तर आलं, नाही. दहा सेकंदांचं काम. साडेपाचला जामीन झाला. सौदा पुरा झाला, दोन्ही बाजूंनी. परतीच्या बसमध्ये मी झोपलो, छान झोप लागली होती.

महिन्यानं त्याची बायको आली, झुंबरबाई. इथंच, या जिन्यात. भुईमुगाच्या शेंगा घेऊन आली, पिशवीभर. आभार मानायला आली होती ती, सायली. वर ये म्हटलं तर येईना. म्हणाली, "लय उपकार झालं साहेब, माणूस घरी आला. फकस्त त्यो बसत नाय वो अजून. उभ्या-उभ्यानंच जेवतो. कामावर बी कोनी घेत नाय, म्हनत्यात वाकता येत नाय तर काय कामाचा." शेंगा आम्ही खाल्ल्या. भाजून.

मग संघर्षनं तक्रार केली, तिच्याकडून. चौकशी लागली. आता चौकशीत पहिला प्रश्न काय असणार — पहिल्याच दिवशी कोर्टानं विचारलं होतं, तेव्हा हा माणूस 'नाही' का म्हणाला? टाईप केलेल्या हुकुमात तेवढंच होतं, 'तक्रार नाही'. कोणी म्हटलं ते नव्हतं. म्हणून मला बोलावलं. मी शपथेवर सांगितलं, आरोपी स्वतः म्हणाला. हळू आवाजात, मान खाली घालून, पण स्वतः म्हणाला. आणि मी खोटं बोलत नव्हतो गं! मला दिसत होतं ते. त्याचे ओठ हलताना दिसत होते. संघर्षनं समोरच सांगितलं, "सर, तो बोलला नाही. तुम्ही बोललात." मी म्हटलं, तुझी काहीतरी गल्लत होतेय, तू मागे होतास. कोणाचं ऐकणार? त्याला वकिलीत आठ महिने झालेले, मला तीस वर्षं. हातानं लिहिलेला रोजनामा, त्या दिवशी कोर्टात काय घडलं त्याची नोंद, त्याच कोर्टाच्या बस्त्यात, जुन्या कागदांच्या गाठोड्यात पडून होता, पण एवढा ज्येष्ठ वकील सांगतोय म्हटल्यावर बस्ता कशाला कोण उघडतो? चौकशी मिटली.

संघर्ष दुसऱ्या दिवशी आला, ऑफिसची किल्ली टेबलावर ठेवली, आणि "येतो सर" म्हणाला. नमस्कारही केला. आता नांदगावला शाळेत शिकवतो म्हणे. नागरिकशास्त्र. मी एकदा फोन लावला होता, तिकडून 'हॅलो' आलं आणि मी ठेवून दिला.

तर उद्या काय करायचं? जामीन आधी की तक्रार आधी, मला खरंच माहीत नाही. माहीत असल्यासारखा चेहरा मी आयुष्यभर केला. एवढंच कर, सकाळी दहालाच जा, त्याला बाजूला घे, दोन्ही रस्ते सांग, कुठे काय दुखेल तेही सांग. तो ठरवेल. आणि साहेब त्याला विचारतील तेव्हा तू तोंड उघडू नकोस. कितीही वेळ लागू दे. तो गप्प राहिला तरी. वकिलाला गप्प बसवत नाही, ही सवयच असते — प्रश्न आला की उत्तर आपलंच.

चल, ऊठ आता. नाही, काही लागत नाही मला, औषध मी घेतो माझं. जाताना दार ओढून घे, ते आपोआप लागत नाही.

काय म्हणालीस? — संघर्षच खरा होता, हे मला कसं कळलं? प्रॅक्टिस बंद केली त्या वर्षी मी एकटाच गेलो होतो, त्याच बसनं. त्या रोजनाम्याची नक्कल काढली. इथंच ड्रॉवरमध्ये आहे, पण काढायची गरज नाही, तीनच ओळी आहेत, न्यायाधीशांच्या हातच्या. 'पोलिसांविरुद्ध तक्रार आहे काय, असे आरोपीस विचारले. आरोपी गप्प. आरोपीचे वकील सांगतात, तक्रार नाही.'