पाठ केलेलं दुखणं

शिवणकाम करणारी ताई नेहमीची झोपेची गोळी न्यायला दवाखान्यात आली होती. मागच्या बाकावर नणंद-भावजय बोलत होत्या.

"वहिनी, तुमची झोपेची गोळी सुटली?"

"सुटली. चार वर्षं छातीत धडधडतंय म्हणून सांगत होते, तर जुने डॉक्टर म्हणायचे, फार विचार करता, आणि झोपेची गोळी लिहून द्यायचे. शेवटी तुझ्या दादाकडून माझंच दुखणं पाठ करून घेतलं आणि त्याला त्यांच्याकडेच पाठवलं."

"दादाला?"

"धडधडतं, जिना चढताना दम लागतो, सगळं घडाघडा बोलला. लगेच ईसीजी, वर नऊ तपासण्या. ठणठणीत माणूस दिवसभर उपाशी."

"चिडला असेल."

"छे गं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मला या डॉक्टरबाईंकडे घेऊन आला."

"आणि या काय म्हणाल्या?"

"डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली, पाळीचं विचारलं. एकच रक्ततपासणी. अंगात रक्तच नव्हतं गं. ती गोळीही हळूहळू सोडवली."

खिडकीतून कंपाउंडरने ताईला हाक मारली.

"ताई, तीच गोळी ना? आत जायची गरज नाही."

"आज बाईंशी बोलायचंय."

"किती वेळ लागेल?"

"लागेल तेवढा."