देवकाबाईचे कान आणि मंडळाचा शेरा

समारंभाचे अध्यक्ष माननीय गोपीचंदजी, आज ज्यांना निरोप द्यायचा ते वैद्यकीय तपासणी मंडळाचे प्रमुख डॉ. मारोतराव लांजेवार, व्यासपीठावरील मान्यवर, आणि टाळ्यांसाठी हात मोकळे ठेवून बसलेल्या बंधुभगिनींनो,

माझ्याआधी सहा वक्ते बोलले. सहाही जणांनी डॉक्टरसाहेबांना देवमाणूस ठरवले. रुग्णाचे नाव मात्र एकानेही घेतले नाही. मी कानाचा डॉक्टर आहे. मला विशेषणे तपासता येत नाहीत. म्हणून आधी घटना सांगतो, घडल्या त्या क्रमाने.

१४ मे १९८३. दिघोरीच्या मजुरांचा ट्रॅक्टर तेंदूपाने तोडून पूर्वेकडच्या जंगलातून परतत होता. पोलिसांच्या गाडीसाठी पेरलेला सुरुंग त्याच्याखाली फुटला. दोघे जागीच गेले. सात जण 'बचावले', असे छापून आले. त्या सातांत देवकाबाई होती, वय एकतीस.

९ फेब्रुवारी १९८४. मंडळाने तिला तपासले. शेरा असा: 'जखमा भरल्या आहेत. विचारल्यास प्रतिसाद देते. श्रवण समाधानकारक. अपंगत्व नाही.' खाली डॉ. लांजेवारांची सही. अक्षर मोत्यासारखे आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

जुलै १९८६. नवरा सुखराम तिला माझ्याकडे घेऊन आला. दोन्ही पडदे फाटलेले, आतला कान निकामी, डोक्यात अखंड शिट्टी. चालताना तोल जाई. खांद्यात राहिलेला लोखंडाचा तुकडा तीन वर्षांनी सरकत कातडीखाली आला होता आणि पू धरून बसला होता. स्फोटाचा दाब कातडी न फाडताही शरीरात शिरतो आणि वर्षानुवर्षे आपले काम करीत राहतो, हे वैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. मंडळाला ठाऊक नसावे? की ठाऊक असूनही कष्ट नको होते?

आपल्याकडे भाताची रोवणी कशी चालते, हे या सभागृहात सांगावे लागू नये. बाया बांधीत, एकेका खाचरात, ओळीने वाकतात, एक जण गाणे धरते, आणि त्या गाण्याच्या ठेक्यावर सगळ्यांचे हात चिखलात उतरतात. देवकाबाई मागे पडू लागली. शेजारची रुखमा हसून म्हणाली, "काहून वो देवके, आमचं गाणं बदलून दोन बांध्या झाल्या, तू पहिल्यातच बसून राह्यली काय?" तेही तिला ऐकू आले नाही. दुसऱ्या वर्षी तिला ओळीत घेतलेच नाही. चिखलात दोनदा तोल गेला होता. तिसऱ्यांदा कोण उचलणार?

मग मंडळाला ती ऐकू शकणारी कशी वाटली? मी सुखरामला विचारले. तो म्हणाला, "साहेब सामने उभे राहून विचारत होते जी, 'आयकू येते का बाई?' इनं मुंडी हालवली. मी म्हटलं, तिले काईच आयकू येत नाही. त मलेच म्हणते, 'तू चूप बस.'"

मी तिच्या पाठीमागे लोखंडी ट्रे फरशीवर टाकला. परिचारिका दचकली, दाराबाहेरचे म्हातारे उठून बसले. देवकाबाई समोरचे कॅलेंडर पाहत राहिली. मग तिला खुणांनी विचारले, मंडळापुढे मान का हलवलीस? तिने डोक्यावरचा पदर सावरला आणि गरजेपेक्षा फार मोठ्याने म्हणाली, "येवढा मोठा साहेब विचारून राह्यला होता. त्याले नाही कशी म्हणू जी?"

या जिल्ह्यात साहेबाने काहीही विचारले तरी बाई आधी 'हो' म्हणते. तीस वर्षे इथे नोकरी करून ज्याला हे कळले नाही, त्याने नेमके काय तपासले? बहिऱ्या माणसाच्या तोंडासमोर उभे राहून त्याचे कान तपासणे, याला मी चूक म्हणत नाही. चूक प्रयत्न करणाऱ्याकडून होते.

अपंगत्वाच्या दाखल्याशिवाय नागपूरला तिच्यावर मोफत उपचार होत नाहीत. तो तुकडा आता मानेकडे सरकतो आहे. फेरतपासणीसाठी मी तीन पत्रे पाठवली. एकाचेही उत्तर नाही. येत्या ३१ ऑगस्टला साहेब निवृत्त होतील आणि प्रकरण निकाली म्हणून बांधले जाईल.

सूत्रसंचालकांची चिठ्ठी आली आहे: 'आटोपते घ्यावे.' घेतो.

या संस्थेने मला बोलावले, ध्वनिक्षेपक दिला, चहा पाजला; मी मनापासून आभारी आहे. समारंभाचा रंग बिघडला असेल, कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. मजकुराबद्दल मात्र क्षमा मागत नाही. त्यातले प्रत्येक वाक्य मी दोनदा तपासले आहे.

डॉक्टरसाहेब, तुम्ही मघापासून मान हलवीत आहात. नुसती मान हलवलेली मला चालणार नाही. देवकाबाईची फेरतपासणी, तिच्या पाठीमागे उभे राहून आणि यंत्राने, कोणत्या तारखेला करणार? करणार नसाल, तर कोणत्या कारणाने? ३१ तारखेला खुर्ची सोडण्याआधी, सहीशिक्क्यानिशी, मला लेखी उत्तर हवे आहे. आणि त्याची एक प्रत दिघोरीला, सुखरामच्या हाती.