पाठमोरी व्याहीभेट

वऱ्हाडी धामणगाव बढेच्या वेशीवर उतरले. व्याहीभेट सुरू झाली की सनई फुंकायची, म्हणून शालिग्राम सनईवाला सनईची पत्ती ओठांत ओली करत उभा होता. त्याच्या पाठीमागे नवरीचे आईबाप कुजबुजू लागले.

"अहो, व्याही आले. जा, गळाभेट घ्या."

"रुक्मिणे, तो माणूस शिंकून राह्यला!"

"शिंकू द्या. औंदा फ्ल्यूची साथच हाय."

"मले दमा हाय वं! डाक्टर काय म्हणला? लोकाइची सर्दी नाकात राह्यते, तुमची छातीत उतरते. मांगच्या हिवाळ्यात तुह्या भावाची सर्दी दोन दिवसांत गेली, अन् मी महिनाभर दवाखान्यात!"

"अन् भेट नाही घेतली त पोरीले जलमभर टोमणे!"

"मंग काय करू?"

"पाठ फिरवा."

"काय?"

"पाठीले पाठ लावून भेटा. शिंक तिकडे, तुमचं नाक इकडे."

नवरीचे बाप उकंडराव दोन्ही हात पसरून, उलटे चालत निघाले.

"या वामनराव! असे नाही, फिरा, फिरा!"

"हे काय हो, विहीणबाई?" नवरदेवाच्या बापानं रुक्मिणीला विचारलं.

"आमच्या गावची रीत हाय जी. लई जुनी!"

"असं काय? आक्छीऽ! लावा मंग पाठ!"

दोघे व्याही पाठीला पाठ घासून डोलले. ते पाहून काकाला काका अन् मामाला मामा पाठमोरे भिडले.

"वा! मजबूत पाठ हाय तुमची!"

"तुमची काय कमी हाय?"

"अबे शालिग्राम, सनई काऊन बंद?" उकंडराव खणखणीत ओरडले.

मघाची कुजबूज ऐकलेला शालिग्राम पोट धरून हसत खाली बसला होता.

"श्वासच पुरून नाही राह्यला, मालक!"