सव्वा महिन्याची मुदत

विमलताईच्या अंगणात जमलेल्या बायांनो, भावांनो, कॉलेजातल्या सरांनो, आन् पल्लवी बेटा.

मले भाषण येत नाही. मी सलीम, मोटर वायंडिंगवाला. दिवसभर तांब्याच्या तारेशी काम, तिच्याशी बोलाचं काम पडत नाही. आज बोलणाऱ्यांच्या यादीतही माह्यं नाव नव्हतं. मीच मागून घेतलं. मधात अडकलो तर थांबा थोडे, पण मले खाली बसवू नोका.

आधी एक गोष्ट खोडतो. मघाशी एक सर बोलले, ताईले मूलबाळ नव्हतं म्हणून तिनं माशात जीव रमवला. सर, राग धरू नोका, पण हे खोटं आहे. ताई तुमच्याच कॉलेजात लॅबमध्ये होती. तुम्ही शिकवत होते, ती बरण्या पुसत होती. औषधात बुडवलेलं मेलेलं प्रवाळ, मेलेला तारामासा, नोकरीभर तेच पुसलं. एक दिवस मले म्हणे, "सलीमभाई, हे जित्तं कसं दिसत असन?" बस. एवढंच. रिटायर झाली आन् पाह्याले लागली. कोणाच्या बदल्यात नाही पाह्यलं तिनं. तिले पाह्याचं होतं म्हणून पाह्यलं.

आन् मंग या पुसदनं काय केलं? हसलं. उन्हाळ्यात टँकरची वाट पाह्यतो आपण, आन् ही आड्यांच्या घरची बाई घरात समुद्र भरते म्हणे. सहा फुटाची काचेची टाकी पाह्याले गल्ली लोटली. आत काय, तर नुसते दगड आन् पाणी. मासे कुठं आहेत बाई? ताई म्हणे, पाणी पिकून राह्यलं, माशाले जगता येईन असं होऊन राह्यलं. दोन महिने तिनं एकही मासा सोडला नाही. बोअरचं पाणी आधी फिल्टरमधून काढाचं, क्षार मोजाच्या मीटरवर शून्य आलं पाह्यजे. मंग त्यात समुद्राचं मीठ टाकून ड्रममध्ये दिवसभर फिरवाचं. टाकीखाली दुसरी टाकी, तिथं फेस काढाचं यंत्र. गुळाच्या कढईत मळी कशी वर येते, तशी पाण्यातली घाण फेसात वर येते. त्याचा पंप मी बसवला. तीन वेळा चुकीचा बसवला, चौथ्यांदा चालला. तिन्ही वेळा ताईनं चहा पाजला.

पाणी वाया घालवते म्हणणाऱ्यांले आज विचारतो. फिल्टर एक बादली चांगलं पाणी देते तर तीन बादल्या बाहेर फेकते. त्या तीन बादल्या ताईनं नालीत सोडल्या काय? तो पाहा अंगणातला निळा ड्रम. या गल्लीतल्या किती घरची फरशी आन् भांडी त्या पाण्यानं निघाली? हात वर करा म्हणत नाही. पण ज्याइचे हात त्या ड्रमात बुडले, त्याइनं तरी पाण्याचा हिशेब ताईले विचारू नोका.

आता ज्याच्यासाठी उभा राह्यलो ते.

तुमच्यातल्या जुन्या लोकाईले आठवत असन, चार वर्षांमागं ताईच्या टाकीतले सगळे मासे मेले. सगळे. तेव्हा तुम्ही पुन्हा हसले. एक जण तर तिच्या तोंडावर बोलला, लॅबमधल्या बाईले शेवटी मेलेलेच शोभले. ताई एवढंच म्हणे, "माह्याच हातानं झालं." मी तिथंच बसलो होतो, या पायरीवर. ऐकलं. आन् गप्प राह्यलो.

ते तिच्या हातानं नाही झालं. माह्या हातानं झालं.

आतल्या खोलीत एक लहान टाकी आहे, तुम्ही पाह्यली असन. नवीन मासा आला की आधी तिथं. त्याची जाळी वेगळी, पाणी काढाचा मग वेगळा, पुसाचं फडकं वेगळं. त्यात औषध टाकता येते, मोठ्या टाकीत टाकता येत नाही, प्रवाळ मरते. सव्वा महिना तिथं राह्याचं, अंगावर डाग नाही दिसला तर मंग मोठ्या टाकीत. ताई त्या खोलीले बाळंतिणीची खोली म्हणे. मी एकदा म्हणलं, ताई, बिचाऱ्याले एकटं कायले कोंडता? तर म्हणे, "आमच्या तांड्यात बाळंतीण सव्वा महिना येगळी राह्यते. तुमच्यातही चाळीस दिवस असतेच ना? ते काय कोंडणं होय? तिची सोय होय, आन् घराची बी."

मले पटलं. तोंडानं पटलं.

मंग ताई तिच्या तांड्यावर गेलती, ढाणकीकडं, लग्नाले. घराची चावी माह्याकडं. मी नागपूरले तार आणाले गेलतो, तिथं एका दुकानात निळा मासा दिसला. एवढा निळा की मी तार विसरलो. ताईले भेट म्हणून घेतला. पिशवीत हवा भरून मांडीवर घेऊन बसमध्ये आलो. घर उघडलं तर लहान टाकी कोरडी, ताईनं धुऊन उन्हात वाळवून ठेवलेली. आता काय कराचं? माह्या मनात आलं, बहिणीच्या घरी पाहुणा आला, त्याले काय दारात उभं ठेवाचं? आमच्या घरात असं होत नाही. पाहुण्याले आत घेतात, पाणी देतात. मी त्याले आत घेतलं. सोडला मोठ्या टाकीत. पाह्यत बसलो, खुश होतो मी.

आठव्या दिवशी त्याच्या अंगावर रवा शिंपडल्यासारखे ठिपके आले. मंग दुसऱ्याच्या. मंग सगळ्याइच्या. पंधरा दिवसांत टाकीत प्रवाळ तेवढं उरलं.

ताई रागावली नाही, असं सांगाले मी आलो नाही. रागावली. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी चावी तिच्यापुढं ठेवली. म्हणलं, ताई, ही घ्या. तिनं चावी सरकवून परत दिली. म्हणे, "ठेवा. आता तुमाले सव्वा महिना सांगावं नाही लागणार." मंग अडीच महिने तिनं मोठी टाकी बिनमाशाची चालवली, पाण्यातला रोग उपाशी मराले पाह्यजे म्हणून. तुम्ही रिकाम्या टाकीले हसत होते ना? ती माह्यी चूक धुऊन राह्यली होती. आन् माह्यं नाव तिनं कोणाले सांगितलं नाही. आज मी सांगतो. हसाचं असन तर आता हसा. इथं उभा आहे मी.

आता शेवटी ताई दवाखान्यात होती आठ दिवस. मी रोज आधी इथं येत होतो, मंग तिकडं. उन्हानं पाणी उडते, मीठ उडत नाही, म्हणून रोज साधं शुद्ध पाणी भरावं लागते. मी दारात दिसलो की ती तब्येतीचं बोलत नव्हती. एकच विचारे, "पाणी भरलं काय?"

पल्लवी, तू ताईच्या भावाची पोरगी. घर तुह्यं आहे, माह्या बोलण्यानं ते बदलत नाही. तू सांगितलं, परवा अमरावतीहून माणूस टाकी घ्याले येऊन राह्यला, मंग घराले कुलूप, लाइट बंद. तुह्यं पुण्याचं काम मले समजते. पण त्या माणसाले मी फोन केला होता. तो मासे नेईन, प्रवाळ इथंच टाकून जाईन म्हणते. म्हणजे परत बरणीतलंच करून ठेवाचं काय बेटा?

ही चावी. घे. चार वर्षं माह्या खिशात होती, आज तुह्या हातात देतो. आन् एकच गोष्ट मागतो. भीक नाही मागत, मुदत मागतो. सव्वा महिना दे. लाइटचं बिल माह्याकडं, पाणी माह्याकडं. मले नव्या माशासारखं ठेव. रोज फोटो माग, रोज मीटर दाखव म्हण. सव्वा महिन्यात माह्या कामावर एक डाग दिसला तर बोलाव त्या माणसाले, टाकी उचलाले पहिला हात मी लावीन. नाही दिसला, तर मंग बोलू आपण.

आता दोन मिनिटं उभे राहू. कोणीतरी मघाशी म्हणलं, मौनाच्या वेळी आतली मोटर बंद करा, घरघर इथवर ऐकू येते. मोटर बंद होणार नाही. गप्प आपण राह्याचं आहे.

उभे राहा.

सलाम, ताई. पाणी भरलं आहे.